ओठ मिटलेलं स्वगत

मंडळी, पत्रिकेवर 'सिल्व्हिया सिडनीचा अभिनय' असा विषय छापलाय. तिथवर मी येणारच आहे. पण आधी एक प्रसंग सांगू द्या. तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही.

'सिटी स्ट्रीट्स' हा हॉलिवूडचा बोलपट १९३१ च्या एप्रिलात आला, म्हणजे आपल्या 'आलम आरा'नंतर साधारण महिन्याभराने. इथे आपण पडद्यावरची माणसं बोलतात म्हणून हरखलो होतो, तिकडेही बोलपट तसा कोवळाच होता. दिग्दर्शक रूबेन मामुलियन, कथा गुन्हेगारी कथा लिहिणाऱ्या डॅशिएल हॅमेटची. गॅरी कूपर जत्रेतल्या नेमबाजीच्या स्टॉलवर काम करतो. त्याला नाव नाही, सगळे 'किड' म्हणतात. त्याचं नॅनवर प्रेम आहे, ही नॅन म्हणजेच आपली सिल्व्हिया सिडनी, आणि नॅनचा सावत्र बाप बिअरच्या टोळीत. अमेरिकेत दारूबंदीचा काळ, त्यामुळे बिअर म्हणजे नोटांचा झरा. नॅनच किडच्या मागे लागते, तूही ये ना टोळीत, किती दिवस असे चिल्लर पैसे कमावणार? तो नाही म्हणतो.

मग बाप खून करतो आणि पिस्तूल पोरीच्या हातात कोंबतो. ती पकडली जाते, बापाचं नाव घेत नाही, टोळी आपल्याला सोडवेल म्हणून वाट बघते. कुणी येत नाही. बाहेर तोच बाप किडला गाठतो, नॅनसाठी पैसा लागेल म्हणतो. आणि एक दिवस किड तुरुंगात भेटीला येतो, तो अंगात भारी फरकोट घालून. मध्ये जाळी. तो खुशीत आहे. तिनेच सांगितलं होतं ना? ती त्या कोटाकडे बघते आणि तिला सगळं कळतं. हा कोट कसा आला, आणि तो कुणाच्या शब्दाने आला.

त्यानंतर रात्र. नॅन कोठडीत पडलेली आहे, चेहरा अगदी जवळून दिसतो, ओठ मिटलेले. आणि झालेलं बोलणं आपल्याला पुन्हा ऐकू येतं, त्याचं आणि तिचं. आज यात काय विशेष, असं वाटेल. प्रत्येक मालिकेत रोज चालतं. पण तेव्हा बोलपटात हे जवळजवळ कुणी केलंच नव्हतं. स्टुडिओतल्या लोकांनी मामुलियनला बजावलं होतं की बोलणारा माणूस दिसत नसताना आवाज आला तर प्रेक्षकांना काही कळणार नाही.

आता माझा प्रसंग. पंचविसेक वर्षं झाली असतील. मी रेडिओवर श्रुतिका करत होते आणि एका फिल्म सोसायटीत हा चित्रपट लागणार म्हणून मुद्दाम रजा घेऊन गेले. हा प्रसंग आला, आवाज सुरू झाला आणि मशीनवरच्या मुलाला वाटलं, आवाज मागे राहिला! मागच्या प्रसंगाचे संवाद पुढच्या चित्रावर वाजतायत. त्याने बिचाऱ्याने इमानेइतबारे चित्रपट थांबवला. मागे घेतला. पुन्हा तेच. मागून कुणीतरी "आवाज, आवाज" ओरडलं. तेव्हा त्याने तिसऱ्यांदा लावला तो आवाज बंद करून. वर संयोजकांनी माइकवरून सांगितलं, प्रत खराब आहे, क्षमा करा. लोकांनी समजूतदारपणे माना डोलावल्या. मी चौथ्या रांगेत उभी राहून हात करत होते, "अहो, ते तसंच आहे, ती आठवतेय!" पण तोवर प्रसंग संपला होता. मामुलियनला घातलेली भीती सत्तर वर्षांनी माझ्या डोळ्यांदेखत खरी ठरली. मला रडू आलं होतं, खरं सांगते.

पण त्याच तिसऱ्या वेळी मला जे दिसलं, त्यासाठी आज इथे उभी आहे. आवाज नव्हता, नुसता चेहरा. तरीही ती ऐकतेय हे कळत होतं. एखादं वाक्य लागतं तेव्हा डोळे किंचित स्थिर होतात, मग पुन्हा हलतात. आम्ही रेडिओवर नवीन मुलींना हेच शिकवायचो. बोलणं सोपं आहे बाई, समोरचं वाक्य कानात पडू दे, मग बोल.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, मग मुद्दाच सांगते.

आपल्या रंगभूमीवर स्वगत मोठ्याने म्हणायचं असतं. मामुलियनही नाटकातूनच आलेला. त्याने स्वगताचा आवाज ओठांपासून सोडवला, आणि चित्रपटाच्या इतिहासात त्याचं श्रेय त्याला मिळतं, मिळायलाच हवं. पण ते स्वगत पेललं कुणी? न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरून आलेल्या वीस वर्षांच्या मुलीने. भूमिका मुळात क्लारा बो या तेव्हाच्या मोठ्या तारकेची होती. तिच्या सेक्रेटरीवरचा खटला वर्तमानपत्रांनी महिनाभर चघळला, तिची प्रकृती ढासळली आणि काम सिडनीकडे आलं. या चित्रपटात खून पडद्याआड होतात, पाण्यावर तरंगणारी हॅट दिसते, बस्स. म्हणजे गुन्ह्याचं ओझं दिसतं ते तिच्या चेहऱ्यावरच.

पुढे पॅरामाउंट स्टुडिओने तिला रडवत ठेवलं. हिचकॉकने मात्र १९३६ मध्ये, 'सॅबोटाज'मध्ये, तेच ओळखलं. जेवणाचं टेबल, तिच्या हातात सुरी, समोर नवरा. तिच्या लहान भावाच्या मृत्यूला कारण झालेला. तिच्या तोंडी एक शब्द नाही. तुकड्यातुकड्यांत चित्रीकरण झालं, संवाद नाहीत, नाटकाची सवय असलेली ती सेटवर हैराण झाली होती. आणि तरी पडद्यावर बघा! त्याच वर्षी फ्रिट्झ लँगचा 'फ्युरी', पुढच्या वर्षी त्याचाच 'यू ओन्ली लिव्ह वन्स'. ऑस्करचं नामांकन तिला मिळालं ते थेट १९७३ च्या चित्रपटासाठी, साठी ओलांडल्यावर, तेही सहायक भूमिकेचं. तुमच्या मुलांनी तिला 'बीटलज्यूस'मध्ये पाहिलंय, सिगारेट ओढणारी ती खमकी म्हातारी, जूनो. १९९९ मध्ये ती गेली.

अजून बरंच होतं, राहू दे. तो कोठडीचा प्रसंग आणलाय, तो आधी आवाज बंद करून दाखवते आणि मग आवाजासकट. कुणीतरी दिवे घालवा. आणि दुसऱ्या वेळी, मशीनवरच्या दादा, कृपा करून आवाज कमी करू नका.