भट्टीच्या डिस्प्लेवर ८३० अंश आलं, पण जॉबचा गाभा कुठे आहे?

नमस्कार. एकाच चार्जमधून (भट्टीत एका वेळी भरलेल्या मालातून) निघालेले फोर्जिंग, म्हणजे घडाई केलेले जॉब; कडेचे मऊ, ढिगाच्या मधले कडक. ॲनिलिंगमध्ये, म्हणजे स्टील तापवून सावकाश थंड करत मऊ करताना, ही तक्रार सारखी येते आणि खापर फुटतं ते स्टीलवर. आधी बघा, सोकिंगचं (ठरलेल्या तापमानाला जॉब धरून ठेवण्याचं) घड्याळ नेमकं कधी सुरू केलं होतं.

उदाहरणाला सी-४५ घेऊ, म्हणजे साधारण ०.४५ टक्के कार्बनचं स्टील. तापवताना ७२७ अंश सेल्सिअसच्या पुढे पर्लाइटचं (थंड स्टीलमधली फेराइट आणि लोह-कार्बाइडच्या थरांची रचना) ऑस्टेनाइट (तापलेल्या स्टीलची रचना) व्हायला लागतं. उरलेला फेराइट (जवळजवळ शुद्ध लोखंडाचा मऊ भाग) मात्र पूर्ण विरघळतो ७८० च्या आसपास. त्यावर थोडी सूट ठेवून फुल ॲनिलिंगला ८२० ते ८५० धरतात. फार वर नेलंत तर ग्रेन (स्टीलचे स्फटिककण) जाड होतात.

दर २५ मिलिमीटर जाडीला एक तास सोकिंग, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. म्हणजे ७५ मिलिमीटरच्या बारला तीन तास. पण हा अंदाज चारी बाजूंनी उघड्या, एकट्या तुकड्याचा आहे. भट्टीच्या कंट्रोलचं थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) फक्त स्वतःच्या टोकाशी किती तापमान आहे तेवढंच सांगतं. भरगच्च चार्जचा गाभा त्या वेळी शेकडो अंशांनी मागे असू शकतो. तो ७८० च्या वर पुरेसा वेळ राहिलाच नाही, तर फोर्जिंगची जुनी रचना बऱ्याच अंशी तशीच राहते.

म्हणून के टाइपचं दुसरं थर्मोकपल लावाच. सगळ्यात जाड जॉबच्या मापाचा, त्याच स्टीलचा डमी तुकडा घ्या, मध्यापर्यंत भोक पाडा आणि तो ढिगाच्या मधोमध ठेवा. थर्मोकपलचं टोक भोकाच्या तळाला टेकलं पाहिजे. भोकाचं तोंड सिरॅमिक लोकरीने बंद करा, नाहीतर तुम्ही भट्टीतली हवा मोजत बसाल. हे रीडिंग सेट पॉइंटच्या (भट्टीवर लावलेल्या तापमानाच्या) १० अंश जवळ आलं की मग घड्याळ सुरू. गाभा असा प्रत्यक्ष मोजला असेल, तर या स्टीलला तिथून तासभर पुरतो.

रचताना जॉब एकमेकांना चिकटवू नका. या तापमानाला उष्णता मुख्यतः प्रारणाने पोचते. जो जॉब दुसऱ्याच्या आडोशाला, तो मागे पडतो. तळालाही टेकवू नका, सपोर्टवर उचलून ठेवा.

थंड करताना तासाला २० ते ३० अंश, साधारण ५५० पर्यंत, दार बंद ठेवूनच. ७०० ते ६०० मध्ये घाई झाली तर पर्लाइट बारीक होतो आणि हार्डनेस वाढतो. ५५० च्या खाली बाहेर काढलं तरी चालतं. पण जाडी कमी-जास्त असलेल्या जॉबमध्ये पुन्हा ताण साठू नये असं वाटत असेल, तर ३०० पर्यंत भट्टीतच राहू द्या. ही कळ काढणं परवडतं.

आता हवेच्या भट्टीचा एक फसवा प्रकार. स्केल (ऑक्साइडची पापडी) तर येतोच, शिवाय पृष्ठभागातला कार्बन जळून जातो. त्या थरावर ब्रिनेल (हार्डनेस मोजायची चाचणी) घेतलं तर जॉब आहे त्यापेक्षा मऊ दिसतो. जागा ग्राइंड करून हा थर पूर्ण काढा आणि मगच मोजा. हिशेब बरोबर बसला असेल तर आकडा २०० च्या आसपास किंवा खाली येतो. सगळेच जॉब कडक निघाले तर आधी थंड होण्याचा वेग तपासा. फक्त मधले निघाले तर डमी तुकड्याचा ग्राफ काढा आणि चार्जची रचना बदला.