मागे बघ, मागे!

(दृश्य: अंधारलेलं घर. जिना. वरच्या मजल्यावर एक दिवा.)

स्लॅशरपट, म्हणजे एक खुनी एकेकाला गाठून मारत सुटतो तसले भयपट, पाहणारी माणसं पडद्याशी बोलतात. "अगं, वर कुठे निघालीस? दार समोर आहे!" "सुरा टाकू नकोस, मेला नाहीये तो!" पडद्यावरच्या मुलीला यातलं एक अक्षर ऐकू जाणार नाही, हे ओरडणाऱ्यालाही पक्कं ठाऊक असतं. तरी तो ओरडतो. घाबरलेला असतो म्हणून, आणि मजा येते म्हणूनही.

१९७८ सालचा जॉन कारपेंटरचा 'हॅलोविन' घ्या. जेमतेम तीन लाख डॉलरच्या आसपास खर्च. खुन्याचा तो पांढराफटक, निर्विकार चेहरा म्हणजे 'स्टार ट्रेक' या अंतराळमालिकेतल्या कॅप्टन कर्कचा बाजारात मिळणारा मुखवटा, रंग फासून भुतासारखा केलेला. शेवटाकडे नायिका लॉरी खुन्याला लोळवते, आता संपला असं समजते आणि सुरा टाकून देते. एकदा नाही, दोनदा. प्रेक्षकानं गप्प बसायचं तरी कसं?

(दृश्य: जुनी पोस्टरं, एकामागून एक. सुरे, कुऱ्हाडी, मुखवटे.)

१९८० मध्ये 'फ्रायडे द थर्टींथ' आला, तुफान चालला आणि मग रांगच लागली. एकाकी जागा, तरुणांचा घोळका, प्रणयात रमलेली जोडी आधी मरणार, शेवटी एकच मुलगी उरणार. कॅरल क्लोव्हर या अभ्यासिकेनं १९८७ मध्ये तिला नावही दिलं: 'फायनल गर्ल'. पण अभ्यासकांच्या कितीतरी आधी हा साचा प्रेक्षकांना तोंडपाठ झाला होता. पुढे काय होणार हे कळलं की भीती पातळ होते आणि नको तिथे हशा पिकतो. दिग्दर्शकासाठी यासारखी नामुष्की नाही. आमच्या मते या चित्रपटांतला जाणता विनोद इथून सुरू होतो. तो हशा पिकणारच असेल, तर आपणच आधी हसायला लावू, असं कुणाला तरी सुचलं.

पहिले प्रयत्न ढोबळ होते. १९८१ चा 'स्टूडंट बॉडीज' प्रत्येक खुनानंतर मृतांचा आकडाच पडद्यावर छापतो. गंमत येते, भीती मात्र उरत नाही. १९८६ मधला 'जेसन लिव्ह्ज', म्हणजे 'फ्रायडे'चा सहावा भाग, जास्त हुशार. त्यात स्मशानाचा रखवालदार उकरलेली कबर पाहतो, वैतागतो आणि थेट कॅमेऱ्यात बघून म्हणतो, लोकांना कशात करमणूक वाटेल, सांगता येत नाही. टोमणा कुणाला होता, हे तिकीट काढून बसलेल्या प्रत्येकाला कळलं. इतकी वर्षं प्रेक्षक पडद्याशी बोलत होता. आता पडदा उलट बोलला.

(दृश्य: वाजणारा फोन. कुणी उचलत नाही. मग उचलते.)

डिसेंबर १९९६. लेखक केव्हिन विल्यमसन, दिग्दर्शक वेस क्रेव्हन, चित्रपट 'स्क्रीम'. रहस्यं पुढे फुटणार आहेत. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी आधी पाहून यावं.

घरात एकटी मुलगी. फोनवर अनोळखी आवाज. आवडता भयपट कोणता, अशा लाडिक गप्पांनी सुरुवात, आणि बघता बघता त्याची प्रश्नमंजूषा होते. बक्षीस, तिच्या मित्राचा जीव. प्रश्न: 'फ्रायडे द थर्टींथ'मधला खुनी कोण? ती ओरडते, जेसन! चूक. पहिल्या भागात खून करते ती जेसनची आई. जेसनची पाळी पुढच्या भागांत येते. उत्तर साधं आहे, पण पाहणाऱ्यांपैकी कितीजण मनात 'जेसन' म्हणाले असतील! हसू येतं आणि तेवढ्यात कळतं, की आपणही नापास झालो. ती मुलगी म्हणजे ड्रू बॅरीमोर, चित्रपटातला सर्वांत ओळखीचा चेहरा. पहिल्याच प्रसंगात तिचा मुडदा पडतो. चित्रीकरणात फोनवरचा आवाज देणारा रॉजर जॅक्सन नटांच्या नजरेआड बसून त्यांना खरोखर फोन करत असे. ते दचकणं सगळंच अभिनयाचं नाही.

नायिका सिडनीला भयपट आवडत नाहीत. का, तर त्यातल्या मूर्ख मुली बाहेर पळायचं सोडून जिना चढतात. हे म्हणून काही क्षण होत नाहीत तोच खुनी तिच्या घरात, समोरच्या दाराला तिनंच लावलेली साखळी, आणि सिडनी जिन्यावर. लेखकानं चेष्टा केली, पण तिला मूर्ख ठरवलं नाही. दार उघडत नसेल तर माणूस करणार काय?

खुनीही पाहण्यासारखा आहे. मागचे मुखवटेवाले शांतपणे चालत येत. हा धडपडतो, आपटतो, पाठलाग करताना तोंडावर लाथ खातो. हसू येतं, आणि त्याच हसण्यात एक गोष्ट ध्यानात येते. आत कुणीतरी साधं माणूस आहे. कदाचित वर्गातलंच.

(दृश्य: दूरदर्शन संच. त्याच्या उजेडात सोफ्यावर एक मुलगा.)

आता तो प्रसंग, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. व्हिडिओच्या दुकानात काम करणारा रँडी. याला भयपटांचे नियम पाठ, पार्टीत तो ते सगळ्यांना ऐकवतोही. प्रणय नको. दारू, नशा नको. "आत्ता आलोच" असं म्हणायचं नाही. मग बाकीचे निघून जातात आणि रँडी एकटाच 'हॅलोविन' बघत बसतो. लॉरीचं काम करणाऱ्या जेमी ली कर्टिसच्या मागे खुनी दिसतो, तसा हा ओरडतो, "जेमी, मागे बघ!" त्याच क्षणी रँडीच्याच मागे सुरा उगारलेला खुनी उभा आहे. रँडीचं काम करणाऱ्या नटाचं नाव जेमी केनेडी, हा आणखी एक चिमटा.

थांबा, अजून एक मजला आहे. घरात छुपा कॅमेरा लावलेला आहे आणि बाहेर वार्ताहराच्या गाडीत केनी हा कॅमेरामन ते चित्र पाहतोय. तोही ओरडतो, "अरे पोरा, मागे!" मग त्याला आठवतं, की आपल्याकडे चित्र तीस सेकंद उशिरा येतं. म्हणजे दिसतंय ते घडून गेलंय. खुनी आता तिथे नाही. केनी गाडीचं दार उघडतो, आणि खुनी दारातच असतो.

जेमी, तिला पाहणारा रँडी, त्याला पाहणारा केनी, केनीला पाहणारे आपण. प्रत्येक जण पुढच्याला सावध करतोय आणि स्वतःची पाठ कुणालाच दिसत नाही. नियम माहीत असल्यानं कुणी वाचत नाही. आणि नियम मोडलेली सिडनी मात्र वाचते.

पुढे नकला झाल्या. २००० सालच्या 'स्केअरी मूव्ही'नं चक्क 'स्क्रीम'चं आधीचं, कामचलाऊ नावच उचललं. मुळात हसणाऱ्या चित्रपटाची टवाळी करून काय साधणार? पैसा मात्र भरपूर मिळाला. त्यापेक्षा २०१० चा 'टकर अँड डेल व्हर्सेस ईव्हिल' बघा. जंगलातल्या दोन भाबड्या मित्रांना शहरी पोरं खुनी समजतात, कारण तशी माणसं चित्रपटांत खुनी असतात. आणि त्या गैरसमजात स्वतःच एकेक करून मरतात.

(दृश्य: गच्च भरलेलं प्रेक्षागृह. सगळ्यांच्या तोंडावर तोच मुखवटा.)

१९९७ च्या 'स्क्रीम २'मध्ये आधीच्या खुनांवर 'स्टॅब' नावाचा चित्रपट निघालेला असतो. पहिल्या खेळाला मुखवटे फुकट वाटलेले. खुर्चीत बसलेल्या एका मुलीला खरोखर भोसकलं जातं, ती रक्तानं माखून पडद्यासमोर येते, आणि लोक जाहिरातीचा भाग समजून जल्लोष करतात. २०२२ मधल्या पाचव्या 'स्क्रीम'मध्ये तर खुनी 'स्टॅब'चे चाहतेच निघतात. आठवा भाग बिघडला हा त्यांचा राग, आणि पुढच्याला चांगली गोष्ट मिळावी म्हणून खरे खून. त्या कारणावर हसणाऱ्यांपैकी अनेकांनी आपल्या आवडत्या मालिकेबद्दल हीच तक्रार कधी ना कधी केलेली असते.