भुंगेऱ्याचं नाव आज सांगणार नाही

(सोलापुरात झालेल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत छापलंय, ‘माळावरच्या नव्या भुंगेऱ्याची ओळख’. ओळख करून देतो, पण नाव सांगणार नाही. पत्रकार मित्र पुढच्याच रांगेत बसलेत, म्हणून हे आधीच सांगून टाकतो, नंतर रुसवा नको. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांसाठी एक आंतरराष्ट्रीय संहिता आहे. सध्या तिची १९९९ची चौथी आवृत्ती लागू आहे. व्यासपीठावरून उच्चारलेलं नाव तिच्या हिशेबी नावच नसतं. वर्णन पाहिजे, ते रीतसर प्रसिद्ध झालेलं पाहिजे, आणि मूळ नमुना कुठे ठेवलाय तेही त्यात पाहिजे. उद्या बातमीत नुसतं नाव छापून आलं, तर पुढच्या शंभर वर्षांत हा किडा अभ्यासणाऱ्या प्रत्येकाला त्या बातमीचा खुलासा करत बसावं लागेल. आमचं लेखन अजून परीक्षकांकडे आहे.

तर भुंगेरा. लांबी आठेक मिलिमीटर, रंग तपकिरी, अंगावर ना ठिपका ना चमक. तुमच्या ओसरीवरच्या दिव्याखाली पडला तर तुम्ही झाडूनं लोटून द्याल. नवी प्रजाती म्हटलं की लोकांना मोरपंखी काहीतरी हवं असतं, त्याला माझा इलाज नाही.

हा स्कॅरॅबिडी कुळातला. जगभरात या कुळाच्या तीस हजारांहून जास्त प्रजातींना नावं मिळालेली आहेत. शेणाचे गोळे ढकलणारे शेणकिडे यातलेच, नारळाचा कोंब पोखरणारा गेंडा भुंगा यातलाच, आणि प्राचीन इजिप्तमध्ये ज्याला उगवत्या सूर्याशी जोडून पुजलं तोही यातलाच. खूण सोपी आहे. मिशांच्या टोकाला पातळ पट्ट्या असतात, हव्या तेव्हा पंख्यासारख्या उघडतात, नको तेव्हा मिटतात. वास घ्यायचं काम या पट्ट्या करतात. नराच्या पट्ट्या पुष्कळदा मादीपेक्षा लांब असतात, कारण अंधारात मादीला शोधायची जबाबदारी त्याच्यावर.

या कुळातल्या एका पोटकुळाशी मात्र सोलापूर जिल्ह्याचं जुनं भांडण आहे. मेलोलोन्थिनी. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण हुमणी ऐकलीय ना? मोहोळ, पंढरपूर, माळशिरसकडची मंडळी दिसतायत, त्यांना सांगायलाच नको. उसाचा बुंधा हातानं ओढला की अख्खा हातात येतो, आणि खाली मातीत इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली पांढरी अळी. ही अळी म्हणजे याच भुंगेऱ्यांचं बालपण.

कृषी खात्याची माणसं हुमणीचे दोन प्रकार सांगतात, माळावरची आणि नदीकाठची. ही विभागणी मला फार आवडते, कारण ती दिसायला साधी असली तरी तिच्या मागे दोन वेगळ्या प्रजाती आहेत. माळावरची म्हणजे होलोट्रिकिया सेराटा, नदीकाठची म्हणजे ल्युकोफोलिस लेपिडोफोरा. पहिलीचं वर्णन फाब्रिसियस नावाच्या डॅनिश कीटकशास्त्रज्ञानं १७८१ साली केलं. पेशवाईत सवाई माधवरावांचं बालपण चाललं होतं तेव्हा युरोपात बसून एक माणूस आपल्या उसाच्या शत्रूला नाव देत होता. माळावरच्या हुमणीची वर्षाला एक पिढी. वळवाचा किंवा मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघतात, कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर बसून पाला खातात, तिथेच त्यांची जोडी जमते आणि पहाटेच्या आत परत मातीत. म्हणूनच रात्री कडुनिंब हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाकायचे, हा उपाय. अंडी घालण्याआधी मादी सापडली तर पुढची सगळी पलटण टळली. ऑगस्टनंतर अळी मोठी झाल्यावर औषध ओतत बसणं म्हणजे वरातीमागून घोडं.

आता विचार करा. ज्या प्रजातीचे भुंगेरे कडुनिंबाकडे फिरकतच नाहीत, तिथे हा उपाय काय कामाचा? रात्रभर झाडं हलवाल, हाताला काही लागणार नाही, आणि खाली मुळं खाल्ली जातच राहतील. म्हणजे आधी कोण ते कळलं पाहिजे. अळीवरूनही थोडंफार कळतं. अळीच्या शेवटच्या खंडाच्या खालच्या बाजूला बारीक काटे आणि केस असतात, त्यांची मांडणी प्रजातीगणिक बदलते. हुमणी उलटी करून भिंगाखाली तिचं ढुंगण बघणारा माणूस शेतात दिसला, तर तो वेडा नाही, माझ्याच जातकुळीतला आहे.

आमचा नवा भुंगेरा उसाचं नुकसान करतो असं मी म्हणत नाहीये. तो माळरानावर, गवतात सापडला, उसाच्या फडात नाही. त्याची अळी काय खाते ते शोधणं बाकी आहे. पण तो ज्या पोटकुळातला आहे त्या पोटकुळाची भारतातली कागदपत्रं सगळ्यात विस्कटलेली आहेत, आणि तीच मला आज तुमच्यासमोर मांडायची आहेत.

ब्रिटिश काळात भारतातल्या प्राण्यांवर मोठी ग्रंथमाला निघाली. तिच्यात लंडनच्या संग्रहालयातल्या गिल्बर्ट अॅरो या गृहस्थानं या कुळावर खंड लिहिले. १९१०मध्ये फुलांवरचे भुंगेरे आणि गेंडा भुंग्यांचे भाऊबंद, १९१७मध्ये चकचकीत पानखाऊ भुंगेरे, १९३१मध्ये शेणकिडे. आजही आमच्या टेबलावर हे खंड उघडे असतात. मेलोलोन्थिनीचा खंड मात्र त्या मालेत निघालाच नाही. शेतकऱ्याला ज्यांचा सगळ्यात जास्त ताप, नेमकं तेच पोटकुळ राहिलं. त्यामुळे त्यांची वर्णनं कुठेकुठे विखुरलेली, कुणी जर्मनमध्ये, कुणी फ्रेंचमध्ये, कुणी लॅटिनमध्ये लिहिलेली. जुनी वर्णनं तर चार-पाच ओळींची. ‘तपकिरी, लांबट, भारतात राहतो’, झालं. भारतात म्हणजे कुठे? काश्मिरात की कन्याकुमारीला? त्या काळी माणसाला एवढंच पुरेसं वाटत होतं, कारण त्याच्या पेटीत तसा दुसरा किडाच नव्हता.

नवी प्रजाती माळावर सापडते ही समजूत सोडून द्या. माळावर किडा सापडतो. तो नवा आहे हे टेबलावर ठरतं, आणि त्यासाठी आधी सगळे जुने बघावे लागतात. जुने म्हणजे ज्यांच्यावरून मूळ वर्णनं लिहिली गेली ते टाचणीला टोचलेले किडे. त्यातले पुष्कळसे लंडन, बर्लिन, बाझेल, पॅरिस इथल्या लाकडी खणांत आहेत. पूर्वी तिथे जावं लागायचं, आता बरेच फोटो मागवता येतात. पण फोटोत सगळं दिसत नाही, आणि जे दिसायला हवं ते तर बाहेरून दिसतच नाही.

कसं ते सांगतो. पहिल्या पावसाच्या सुमाराला आम्ही माळावर पांढरं कापड टांगतो, त्याच्यासमोर दिवा. सोलापूरकरांना कापडाचं काय सांगायचं! चादर चालत नाही बरं का, तुमच्या नक्षीवर भुंगेरा हरवतो. किडे येऊन बसतात, आम्ही निवडून घेतो. मारण्याच्या बाटलीत इथिल अॅसिटेटचा बोळा असतो. भुंगेऱ्याला टाचणी नेहमी उजव्या कडक पंखातून टोचतात, मधोमध नाही, म्हणजे मधल्या भागातल्या खुणा शाबूत राहतात. टाचणीलाच चिठ्ठी: गाव, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. चिठ्ठी नसलेला किडा कितीही देखणा असला तरी निरुपयोगी, असं माझं मत आहे, आणि ते मी बदलणार नाही.

मग खरं काम. या तपकिरी भुंगेऱ्यांत बाहेरून एकमेकांसारखे दिसणारे इतके आहेत की रंगावर, आकारावर जाऊन उपयोग नाही. प्रजाती ठरते नराच्या जननांगावरून. वाळलेला नर कोमट पाण्यात मऊ करायचा, पोटाच्या टोकातून तो अवयव चिमट्यानं काढायचा, कॉस्टिकच्या द्रावणात ठेवून त्यावरचे स्नायू विरघळवायचे. उरतो तो कडक भाग, दोन मिलिमीटरच्या आतबाहेर. त्याच्या टोकाला दोन फाटे असतात. काही गटांत ते डावे-उजवे सारखे नसतात, एक वाकडा, एक सरळ, एकाला दात. हा आकार प्रजातीत ठाम असतो आणि शेजारच्या प्रजातीत वेगळा. आमच्या भुंगेऱ्याचा डावा फाटा टोकाशी जसा वळतो, तसा त्याच्या जवळच्या नातलगांपैकी कुणाचाच वळत नाही. अख्खा शोध म्हणाल तर तो एवढ्याशा वळणात आहे.

तिथून वर्णन लिहायला घ्यायचं. वर्णनाचे दोन भाग असतात. एकात सगळं सविस्तर: डोकं, छाती, पाय, नख्या, केस कुठे दाट आणि कुठे विरळ. तो भाग कंटाळवाणा असतो, असायलाच हवा. दुसरा भाग छोटा, पण सगळी मदार त्याच्यावर. त्यात फक्त वेगळेपण लिहायचं: अमक्या प्रजातीच्या जवळचा, पण तिच्यात हे असं, यात तसं. हा भाग लिहिताना माझ्यासमोर एक माणूस असतो, जो अजून जन्मलेला नाही, ज्याच्याकडे माझा किडा नाही आणि फक्त माझी वाक्यं आहेत. त्याला ओळखता आलं पाहिजे. ‘काहीसा’, ‘साधारण’, ‘बऱ्यापैकी’ असे शब्द तिथे चालत नाहीत. हल्ली डीएनएचा एक ठरावीक तुकडाही वाचून जोडतात, जोडावाच. पण सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या टोचलेल्या किड्याचा डीएनए मिळेलच असं नाही, तेव्हा तुलना शेवटी आकाराशीच.

वर्णन झालं की एक नर निवडायचा. तो होलोटाइप. या नावाचा कायमचा मालक तो एकटा. उद्या कुणी सिद्ध केलं की माझ्या पेटीत दोन प्रजाती मिसळल्या होत्या, तर नाव या एका किड्याबरोबर जाईल. बाकीचे पॅराटाइप. ते घरी कपाटात ठेवायचे नसतात. २००२च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे नव्या प्रजातीची खबर नेमलेल्या संस्थेला द्यावी लागते आणि नमुना तिथे जमा करावा लागतो. प्राण्यांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण विभाग आहे, १९१६पासून. त्याचं पश्चिम विभागाचं केंद्र आकुर्डीत आहे.

नावाबद्दल मघाशी चहाच्या वेळी एका आजोबांनी विचारलं, सिद्धेश्वरांचं नाव देता येतं का. देता येतं. गावाचं देता येतं, माणसाचं देता येतं. स्वतःचं देऊ नये, हा शिष्टाचार. आणि जपून द्यावं, कारण नंतर लाज वाटली म्हणून बदलता येत नाही. स्लोव्हेनियातल्या गुहांमधल्या एका आंधळ्या भुंगेऱ्याला १९३०च्या दशकात हिटलरचं नाव दिलं गेलं. ते आजही तेच आहे, आणि त्या नावापायी हौशी संग्राहक गुहा धुंडाळून तो बिचारा किडा पळवतात.

आता माळाबद्दल. नान्नजचं अभयारण्य माळढोकासाठी १९७९ साली झालं. काळवीट आणि लांडगेही तिथे आहेत. पण सातबारावर अशा जमिनीला आपण सर्रास पडीक म्हणतो, आणि पडीक म्हटलं की खड्डे खणून झाडं लावायचा उत्साह येतो. गवताच्या मुळाशी वर्षातले कितीतरी महिने अळीच्या, कोषाच्या रूपात जगणाऱ्यांना ती झाडं नको असतात. वृक्षारोपणाच्या समितीतले कुणी इथे असतील तर त्यांनी रागवू नये, पण माळ भरायचा असेल तर आधी तिथे कोण राहतं ते मोजून घ्या. मेंढरं चारणाऱ्या धनगरांना विचारलंत तरी पुष्कळ कळेल.

शेवटी एका ताईंनी चिठ्ठी पाठवलीय: आमच्या शेतात भुंगेरे निघाले तर तुम्हाला कसे पाठवायचे? जिवंत नको. चांगल्या स्पिरिटमध्ये घाला, फॉर्मॅलिनमध्ये नको, त्यानं डीएनए खराब होतो. बाटलीतच कागदाचा तुकडा, पेन्सिलीनं लिहिलेला, शाई विरघळते: गाव, तारीख, कोणत्या झाडावर होता. आणि झाडावर जोडी सापडली तर ती एकाच बाटलीत ठेवा, इतरांत मिसळू नका. एकट्या मादीवरून प्रजाती सांगणं या गटात बहुतेक वेळा जमत नाही. आमच्या कपाटांत अशा बिननावाच्या माद्यांच्या बाटल्या रांगेनं उभ्या आहेत. नर सोबत असला तर तिचंही नाव कळतं.