पहिला सिनेमा सुचतो कुठून? फाळकेंचा वाटाणा आणि आमची मटकी

चालू झालं ना? हां, लाल दिवा दिसतोय.

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली दोनच प्रश्न सारखे येतायत. एक, "दादा कॅमेरा कुठला घेऊ?" जो उधार मिळेल तो घ्या, विषय संपला. दुसरा, "दादा, पहिली फिल्म करावी असं कशावरून वाटलं, ती इन्स्पिरेशनची स्टोरी सांगा ना." सांगतो, पण माझी स्टोरी अर्ध्या मिनिटाची आहे. लहानपणी जत्रेत तंबूत सिनेमा बघितला, पिक्चर कुठला होता ते आठवत नाही, पण मागं प्रोजेक्टरशी झटापट करणारा घामाघूम माणूस आठवतो, माझी स्क्रिप्ट त्याच्यावर आहे. बास.

त्यापेक्षा फाळकेंचं बोलू. थांबा, लगेच स्किप करू नका! मला माहितीय तुम्हाला ती गोष्ट पाठ आहे. १९१०-११ चा सुमार, गिरगावात अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस, पडद्यावर ख्रिस्ताचा सिनेमा आणि दादासाहेबांना दिसतायत राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या. आणि मग रीलमध्ये काय होतं? ढँटढँण म्युझिक, कट, ३ मे १९१३, कोरोनेशन थिएटर, राजा हरिश्चंद्र. अरे बाबा, मधली दोन वर्षं कुठं गेली?

माझं डोकं इथंच फिरतं. त्या दोन वर्षांत माणूस चाळिशी ओलांडलेला, नोकरी-धंदा धड नाही, सिनेमे बघून बघून आणि प्रयोग करून डोळ्यांनी दगा दिला, दिसेनासं झालं, उपचार करून परत दिसायला लागलं, मग विमा गहाण टाकून १९१२ मध्ये लंडन गाठलं, विल्यमसन कॅमेरा घेऊन परत. आणि आल्या आल्या हरिश्चंद्र केला का? नाही. वाटाणा केला.

वाटाणा! कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि तो उगवतोय, वर चढतोय एवढंच थोडंथोडं करून महिनाभर शूट केलं. 'अंकुराची वाढ'. मिनिटभराची फिल्म. ती पैसेवाल्यांना दाखवली, मग कर्ज मिळालं, मग हरिश्चंद्र.

आता इथं एक गंमत. सगळीकडे लिहिलेलं असतं की ते रोज एक फ्रेम, म्हणजे फिल्मवरचं एकच चित्र, घ्यायचे. एका पोरानं कमेंटमध्ये विचारलं होतं, "रोज एक तर मिनिट कसं भरेल?" शाब्बास रे पठ्ठ्या. तेव्हाचा मूकपट साधारण सेकंदाला सोळा फ्रेम धरला तर मिनिटाला झाल्या ९६०. महिन्याचे दिवस तीस. म्हणजे रोजच्या तीसेक फ्रेम हव्यात, एक घेऊन दोन सेकंदात खेळ खल्लास. म्हणजे माणूस दिवसभर त्या कुंडीभोवतीच घुटमळत असणार, उजेड बघ, हँडल फिरव, परत उजेड बघ. आणि घरी सरस्वतीबाई कोऱ्या फिल्मला कडेनं भोकं पाडतायत, कारण फिल्म तशी भोकं पाडलेली मिळायची नाही. इन्स्पिरेशनच्या रीलमध्ये त्या कधी दिसल्यात का तुम्हाला?

बरं, "दादा ते जुन्या काळचं झालं" असं म्हणणारे येतीलच. सत्यजित राय घ्या. १९५० ला जाहिरात कंपनीनं लंडनला पाठवलं, तिथं 'बायसिकल थीव्हज' बघितला आणि ठरवलं, आपण सिनेमा करायचा. पुन्हा लोक इथून उडी मारतात थेट १९५५ च्या 'पथेर पांचाली'वर. मधे काय? विम्यावर कर्ज! विमा कंपन्यांनी भारतीय सिनेमावर केलेले उपकार कुणीतरी मोजले पाहिजेत यार. त्या पैशात १९५२ ला थोडंसं शूट केलं, प्रोड्यूसरना दाखवण्यापुरतं. काशफुलांचं, म्हणजे उंच गवताच्या तुऱ्यांचं पांढरंशुभ्र रान आणि त्यात सिनेमातली बहीण-भावंडं, दुर्गा आणि अपू. पुढच्या रविवारी परत गेले तर गुरांनी सगळी फुलं खाऊन टाकलेली. परत फुलायला पुढचा मोसम. थांबले. तो त्यांचा वाटाणा.

अजून जवळचं पाहिजे? 'फँड्री'च्या आधी नागराज मंजुळेंची 'पिस्तुल्या' आहे, 'कोर्ट'च्या आधी चैतन्य ताम्हणेंची 'सिक्स स्ट्रँड्स'. छोट्या फिल्म. पुढं बोलत नाही, तुम्हाला कळलंय.

म्हणून कुणी मला "दादा माझ्याकडे जबरदस्त कन्सेप्ट आहे, प्रोड्यूसर मिळवून द्या" असा मेसेज केला की मी एकच विचारतो, वाटाणा दाखव. चिडतात. एकानं तर "तुम्ही नवोदितांना खच्ची करता" म्हणून अनसबस्क्राईब केलं. अरे, मी तुझ्याकडे हरिश्चंद्र मागतोय का? मिनिटभर दाखव, जे फक्त तुलाच दिसलंय आणि तुझ्याशिवाय कुणी तासन् तास बघत बसलं नसतं.

आणि हे मी ज्ञान पाजळत नाहीये, माझीच फजिती ऐका. मीही ठरवलं, आपण पण करू. वाटाणा उगवेपर्यंत मला धीर नव्हता म्हणून मटकी. मोबाईल स्टँडवर, ओल्या फडक्यात मटकी, दर दहा मिनिटांनी एक फोटो, रात्री अलार्म लावून उठलो. दुसऱ्या दिवशी मोड काय सुरेख आले होते म्हणून सांगू! अंघोळ करून आलो तर ताट रिकामं आणि गॅसवर फोडणी. आई म्हणाली, "एवढे छान मोड आलेत, वाया कशाला घालवायचे?" उसळ झाली होती मस्त, तो भाग वेगळा.

परत भिजत घातलीय. यावेळी शेजारी चिठ्ठी लावलीय, 'शूटिंग चालू आहे, आई प्लीज'. खाली आईनं पेननं लिहिलंय, 'बरं, पाव कधी आणणार?' फुटेज जमलं तर पुढच्या आठवड्यात टाकतो, नाहीतर रेसिपी टाकतो.