चुकलेल्या शॉट्सचा हिशोब

६ जून २००१. लॉस एंजेलिसचं स्टेपल्स सेंटर. एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, तिच्या फायनलची पहिली मॅच. इथल्याच लेकर्सनी त्या वर्षीच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांमध्ये, तोपर्यंत ११ मॅच खेळल्यात आणि ११ च्या ११ जिंकल्यात. समोर फिलाडेल्फिया, जी टीम १८ मॅच खेळून, त्यातल्या दोन सीरिज (एकाच टीमशी सातपैकी चार मॅच जिंकायच्या) पार सातव्या मॅचपर्यंत ताणून, दुखापती अंगावर घेऊन इथवर पोचलीये. आपल्याकडे तेव्हा ७ जूनची सकाळ, साडेसहा वाजून गेलेले.

मॅच ओव्हरटाइमला गेली. शेवटचं मिनिट. लेकर्सच्या बेंचच्या अगदी पुढ्यात, कोपऱ्यात फिलाडेल्फियाच्या अ‍ॅलन आयव्हरसनकडे बॉल आहे. समोर लेकर्सचा टायरॉन लू, ज्याला खास आयव्हरसनच्या मागे सोडलेला आणि ज्याने दुसऱ्या हाफमध्ये त्याला बराच वेळ जखडूनही ठेवलेला. आयव्हरसनने आत घुसल्यासारखं केलं, झटकन मागे आला, शॉट, आत. लू तोल जाऊन खाली पडला. आणि आयव्हरसनने सावकाश पाय उचलला आणि त्याला ओलांडून चालायला लागला.

४८ पॉइंट. फिलाडेल्फिया १०७, लेकर्स १०१. त्या अख्ख्या प्लेऑफमध्ये लेकर्स हरले ती ही एकच मॅच.

तो पाय उचलण्याचा सीन सगळ्यांनी शंभरदा बघितलाय. मला त्या रात्रीचा स्कोअरचा कागद दाखवायचाय. आयव्हरसन ५२ मिनिटं खेळला, शॉट मारले ४१, आत गेले १८. म्हणजे २३ शॉट चुकले. एनबीएच्या इतिहासात ज्या रात्रीची पोस्टरं लागली त्या रात्री तो माणूस घातले त्यापेक्षा जास्त शॉट चुकलाय.

आणि तो एकटाच नाही. १७ जून २०१०, फायनलची सातवी मॅच, कोबी ब्रायंट: २४ शॉट, ६ आत. १८ जून २००६, फायनलची पाचवी मॅच, ड्वेन वेड: २८ शॉट, ११ आत. तिन्ही रात्री त्यांची टीम जिंकलीये. तीन गार्ड, म्हणजे बाहेरून बॉल घेऊन खेळणारे, तीन रात्री, आणि तिघांच्याही कागदावर चुकलेलेच जास्त.

ह्या तिघांची तुलना निघाली की भांडण दोनच रस्त्यांनी जातं. एक रस्ता अ‍ॅव्हरेजचा. प्लेऑफमध्ये मॅचमागे आयव्हरसन २९.७, कोबी २५.६, वेड २२.३, संपला विषय, आयव्हरसन पहिला. दुसरा रस्ता रिंगांचा, म्हणजे चॅम्पियन झाल्यावर मिळणाऱ्या अंगठ्यांचा. कोबी पाच, वेड तीन, आयव्हरसन शून्य, संपला विषय, आयव्हरसन शेवटचा. एकच माणूस एका मोजपट्टीवर पहिला आणि दुसरीवर शेवटचा येत असेल तर गडबड मोजपट्टीत आहे असं मला वाटतं. म्हणून मी वेगळं काहीतरी बघायला लागलो. शॉट चुकला की पुढे काय होतं? बास्केटच्या रिंगवर आदळून बॉल बाहेर आला तर तिथे आपलं कोण उभं आहे? आणि ज्या रात्री शॉट पडतच नाहीत त्या रात्री ह्या माणसाकडे पॉइंट आणायचा दुसरा रस्ता कुठला आहे?

आधी आयव्हरसनच, कारण खरं सांगायचं तर जीव त्याच्यावर आहे.

१९९६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिल्या नंबरवर उचललेला पोरगा. कागदावर उंची सहा फूट. एनबीएमध्ये सहा फूट म्हणजे सात फुटी माणसांच्या जंगलात रोज डोकं घालायचं, आणि हा रोज घालायचा, पडायचा, उठायचा, परत घालायचा. कोच लॅरी ब्राऊननी त्याच्याभोवती मुद्दामच डिफेन्सवाली टीम उभी केलेली. एरिक स्नो, अ‍ॅरन मॅकी, आत डिकेम्बे मुटोंबो, सगळे राबणारे, पण स्वतःचा शॉट स्वतः तयार करणारा असा माणूस एकच. त्यामुळे शॉट क्लॉकवर, म्हणजे शॉट मारायच्या मुदतीच्या घड्याळावर, चार सेकंद उरले आणि काहीच जुळलं नाही की बॉल फिरून फिरून त्याच्याचकडे यायचा आणि तो कसातरी हवेत वाकडा होऊन मारायचा, आणि ते चुकलेले सगळे त्याच्या नावावर चढायचे.

२००१ च्याच प्लेऑफमधली टोरोंटोविरुद्धची सीरिज बघा. दुसऱ्या मॅचला आयव्हरसन ५४, तिसऱ्या मॅचला समोरून व्हिन्स कार्टर ५०, पाचव्या मॅचला परत आयव्हरसन ५२. दोन माणसं एकमेकांना उत्तरं देतायत असं चाललेलं. आणि सातव्या मॅचला, जिथे सगळ्यांना वाटलं हा आता ६० मारणार, तिथे त्याचे पॉइंट फक्त २१ आणि असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या बास्केटसाठी दिलेले पास, १६. दोघं-तिघं अंगावर आले आणि त्याने बॉल सोडला. ८८-८७. कार्टरचा शेवटचा शॉट चुकला म्हणून एका पॉइंटने वाचले. आयव्हरसन स्वार्थी खेळायचा असं म्हणणाऱ्यांनी ही मॅच एकदा पूर्ण बघावी, मनापासून सांगतो.

फायनलच्या पाच मॅचमध्ये त्याने मारलेले शॉट १६२. मॅचमागे बत्तीसच्या वर! आत गेले ६६. अ‍ॅव्हरेज ३५.६ आणि पहिली मॅच सोडली तर चारही हरले. आता त्याच पहिल्या मॅचमध्ये समोर कोण होतं बघा. कोबी ब्रायंट, तोही १९९६ च्याच ड्राफ्टचा, तेराव्या नंबरचा, आणि शाळा शिकलेला फिलाडेल्फियाच्याच उपनगरात. त्या रात्री कोबीचे २२ पैकी ७ आत, पॉइंट १५. वाईट रात्र. तरी मॅच ओव्हरटाइमपर्यंत गेली, कारण कोबी चुकला की खाली शकील ओनील, म्हणजे शॅक, उभा होता, ज्याने त्या रात्री ४४ पॉइंट आणि २० रिबाउंड (चुकलेल्या शॉटवर पकडलेले बॉल) काढले. आयव्हरसनचे २३ चुकलेले आणि कोबीचे १५ चुकलेले, पण कोबीचे चुकलेले कुणाच्या लक्षातसुद्धा नाहीत.

म्हणून कोबीला फुकट मिळालं असं मी म्हणणार नाही. शॅक मायामीला गेल्यावर त्याने पण ते एकटेपण भोगलंय. २००५-०६ च्या सीझनची यादी बघा, मॅचमागे पॉइंट: कोबी ३५.४, आयव्हरसन ३३.०. एक नंबर आणि दोन नंबर. त्याच जानेवारीत कोबीने टोरोंटोवर ८१ मारले. आणि झालं काय? आयव्हरसनची टीम प्लेऑफलाच पोचली नाही. कोबीची टीम फीनिक्सवर ३-१ पुढे होती, सहाव्या मॅचला कोबीने ५० मारले तरी ओव्हरटाइममध्ये हरली, आणि सातव्या मॅचला ३१ पॉइंटनी उडाली, ज्यात कोबीने दुसऱ्या हाफमध्ये शॉटच मारले तीन. लोक आजही त्या हाफवरून त्याला बोलतात. जास्त मारले तर स्वार्थी, तीनच मारले तर हार मानली.

चार वर्षांनी तो परत एका सातव्या मॅचला उभा होता, ह्या वेळी फायनलच्या. बोस्टन समोर, आणि बॉल रिंगमध्ये जायलाच तयार नाही. नेहमीच्या जागेवरचे, ज्या जागेवरून त्याने आयुष्यभर घातले तिथलेसुद्धा चुकत होते, कारण पाय संपले होते आणि बोस्टनचा डिफेन्स दोन आठवडे त्याला रगडत होता. तिसऱ्या क्वार्टरमध्ये लेकर्स १३ पॉइंटनी मागे. मग कोबीने जे केलं ते मला ८१ पेक्षा मोठं वाटतं. तो रिबाउंडला जायला लागला. साडेसहा फुटाचा गार्ड, १५ रिबाउंड. आणि अंग घालून, फाऊल मिळवून फ्री थ्रो लाइनवर (जिथून कुणी न अडवता शॉट मारायला मिळतो) पोचायला लागला, १५ फ्री थ्रो, त्यातले ११ आत. २३ पॉइंट, त्यातले १० शेवटच्या क्वार्टरमधले. बोस्टनचा केंड्रिक पर्किन्स गुडघ्यामुळे बाहेर होता, त्यामुळे आत जागा मिळाली, आणि लेकर्सनी चुकलेल्या शॉट्सवर २३ वेळा बॉल परत मिळवला. बोस्टनने ८ वेळा. पाऊ गसोलने एकट्याने १८ रिबाउंड, रॉन आर्टेस्टने २० पॉइंट. ८३-७९. कोबीला त्या रात्री टीमने उचललं हे खरंय, पण टीमला उचलता येईल इतपत मॅच जवळ ठेवली ती त्याने.

आणि आता वेड.

२००६ ची फायनल, डॅलसविरुद्ध, वेडची टीम मायामी पहिल्या दोन मॅच हरलेली. तिसऱ्या मॅचला साडेसहा मिनिटं उरली असताना १३ पॉइंटनी मागे. तिथून हरले असते तर ०-३, आणि ०-३ वरून एनबीएमध्ये कधीच कुणी परत आलेलं नाही. वेडने त्या शेवटच्या क्वार्टरमध्ये १५ मारले, एकूण ४२, रिबाउंड १३. निर्णायक शॉट मात्र म्हाताऱ्या गॅरी पेटनचा होता, हे विसरू नका. ९८-९६. तिथून मायामीने सलग चार घेतल्या.

पाचवी मॅच हीच जास्त भांडणाची. वेडच्या फ्री थ्रो २५, आत २१. डॅलसच्या अख्ख्या टीमच्या मिळून २५, आत २१. एकटा माणूस एका टीमइतका लाइनवर उभा! ओव्हरटाइममध्ये १.९ सेकंद उरली असताना डॅलसच्या नोवित्स्कीचा फाऊल दिला गेला आणि वेडने दोन्ही टाकल्या. १०१-१००. डॅलसवाले अजून म्हणतात की रेफ्रींनी मॅच दिली. मी तो फाऊल कितीदा तरी मागे-पुढे करून बघितलाय आणि मलाही तो हलकाच वाटतो. आणि २००४-०५ पासून हाताने अडवायचे नियम कडक झालेले त्याचाही वेडसारख्यांना फायदा झालाच. पण एक फाऊल सोडा, सहा मॅचमध्ये ९७ फ्री थ्रो हे शिट्टीच्या जोरावर होत नाही. एकेका मॅचला सोळा. त्यासाठी दर दुसऱ्या बॉलला त्या गर्दीत जाऊन आदळावं लागतं. आयव्हरसनला २००१ च्या पाच मॅचमध्ये ४८ मिळालेल्या, मॅचमागे दहाच्या आत. तो तेवढाच आदळायचा, पण बऱ्याचदा मारण्याआधी वेडपेक्षा लांबच थांबायला लागायचं, कारण आत मुटोंबो आणि त्याला अडवणारा समोरचा माणूस उभेच असायचे. वेडसाठी शॅकने, उतरत्या वयातल्या का होईना, समोरच्या सेंटरला, म्हणजे रिंगखालच्या उंच माणसाला, बांधून ठेवलेलं.

तर माझा कौल. नुसता पॉइंट काढणारा म्हणून, कमीत कमी मदतीत, आयव्हरसनचं २००१. पूर्ण करिअर म्हणून कोबी, त्यात मला शंका नाही, २२० प्लेऑफ मॅच खेळलाय माणूस. पण एकच सीरिज द्या, एकच गार्ड निवडा, शॉट पडतील न पडतील माहीत नाही, असं म्हणाल तर मी २००६ चा वेड घेईन. ३४.७ चं अ‍ॅव्हरेज आहे म्हणून नाही. पाचव्या मॅचला १७ शॉट चुकले आणि तरी त्याचे ४३ झाले म्हणून.

सहाव्या मॅचचा शेवट बघा. मायामी तीनने पुढे आहे, काही सेकंद उरलीत, वेड फ्री थ्रो लाइनवर. ९७ पैकी ज्या दोन सगळ्यात सोप्या हव्या होत्या, त्या दोन्ही चुकल्या. डॅलस धावत गेलं, जेसन टेरीने बरोबरी करायला तीनचा शॉट मारला, तोही चुकला. बॉल रिंगवरून बाहेर आला आणि त्याच्याखाली वेडच होता. त्याने तो पकडला आणि जितका वर जाईल तितका छताकडे भिरकावला, आणि तो खाली यायच्या आत घड्याळ शून्यावर.