जुना बॉयलर: दुरुस्त करावा की बदलावा

मित्रहो,

ब्रिटनमध्ये घर घेतलेल्या आपल्यापैकी बहुतेकांची घर आणि पाणी तापवणाऱ्या बॉयलरशी खरी ओळख होते ती जानेवारीतल्या एखाद्या पहाटे, रेडिएटर गार पडलेले असतात आणि भिंतीवरच्या पांढऱ्या पेटीच्या पडद्यावर एक अक्षर आणि दोन आकडे लुकलुकत असतात तेव्हा. बोलावलेला माणूस झाकण उघडून पाहतो आणि म्हणतो, "पंधरा वर्षांचा झालाय, आता बदललेलाच बरा." घरात लहान मूल असते किंवा भारतातून आलेले आईवडील असतात, आणि अडीच-तीन हजार पौंडांचा निर्णय दहा मिनिटांत होऊन जातो. तो निर्णय नेहमी चुकतोच असे नाही. पण नेमके काय बिघडले आणि ते का बिघडले, हे विचारायचे राहून जाते. आज मला बोलायचे आहे ते या राहून गेलेल्या प्रश्नाबद्दल.

आधी गॅस वाचण्याचा मुद्दा निकालात काढू, कारण विकणाऱ्याच्या तोंडी तोच पहिला असतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ एप्रिल २००५ पासून, मोजके अपवाद वगळता, नवा गॅस बॉयलर कंडेन्सिंग प्रकारचाच बसवावा लागतो. जळलेल्या वायूतल्या वाफेचे पुन्हा पाणी होताना जी उष्णता सुटते ती हा बॉयलर पकडतो. जुन्या बॉयलरमध्ये ती धुराड्यातून बाहेर जात असे. समजा, तुमचा बॉयलर त्याआधीचा आहे, त्याची कार्यक्षमता ७५ टक्के आहे आणि तो वर्षाला १२,००० किलोवॉट-तास गॅस जाळतो. घराला प्रत्यक्ष मिळतात ९,०००. तेवढ्यासाठी ९० टक्क्यांचा नवा बॉयलर १०,००० जाळील. गॅसचा दर युनिटला ६ पेन्स धरला, तर वर्षाकाठी १२० पौंड वाचतात, म्हणजे घातलेले पैसे वसूल व्हायला वीस वर्षांहून अधिक काळ लागतो. आणि तुमचा बॉयलर आधीच कंडेन्सिंग असेल, तर ही बचत तीस-चाळीस पौंडांवर येते. गॅस महागला तर आकडे हलतील; पण केवळ बचतीसाठी चालता बॉयलर काढावा, असे म्हणायला हा हिशेब पुरत नाही.

उलट, बॉयलर कंडेन्सिंग असूनही त्याचे काम तो करत नसतो, असे मला अनेक घरांत दिसते. रेडिएटरमधून परत येणारे पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच वाफेचे पाणी होते. आणि आपण तर बसवणाऱ्याने ठेवलेल्या ७५-८० अंशांना कधी हातच लावलेला नसतो. कॉम्बी बॉयलर, म्हणजे टाकीशिवाय नळ उघडताच पाणी तापवणारा, असेल तर रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचे तापमान ६०च्या आसपास आणून पाहा, त्याला पैसा लागत नाही. गरम पाण्याची वेगळी टाकी असेल तर मात्र टाकीतले पाणी ६० अंशांपर्यंत तापलेच पाहिजे, नाहीतर त्यात लीजनेला जिवाणू वाढण्याचा धोका असतो.

आता बिघाडाकडे येऊ. एका घरी दर आठवड्याला पाण्याचा दाब शून्यावर येई आणि दर आठवड्याला घरमालक खालची तोटी उघडून तो पुन्हा भरत. दोघांनी येऊन नवा बॉयलर सुचवला होता. मी काही न उघडता फक्त दाबाच्या काट्याकडे पाहत बसलो. गार असताना काटा १.२ बारवर होता (बार हे दाबाचे माप). हीटिंग सुरू केल्यावर वीस मिनिटांत तो ३च्या जवळ गेला आणि बाहेरच्या भिंतीतून डोकावणाऱ्या तांब्याच्या नळीतून पाणी टपकू लागले. पाणी तापले की फुगते. ती वाढ सामावून घेण्यासाठी बॉयलरमध्ये एक्स्पान्शन व्हेसल नावाचे चपटे डबडे असते, त्यात रबरी पडद्यामागे हवा भरलेली असते. ती हवा गेली होती. दाबाला जागा उरली नाही, म्हणून ३ बारला उघडणारा सुरक्षा व्हॉल्व्ह पाणी सोडत होता, आणि गार झाल्यावर दाब शून्य. पडदा शाबूत होता. हवा भरली, टपकणारा व्हॉल्व्ह बदलला, काम संपले. तो बॉयलर त्यापुढे सहा हिवाळे चालला.

असे बरेच बिघाड एका भागापुरते असतात. नळाला गरम पाणी येते पण रेडिएटर गार राहतात, तेव्हा तापलेले पाणी नळासाठी की रेडिएटरसाठी हे ठरवणारा डायव्हर्टर व्हॉल्व्ह बहुधा अडकलेला असतो. लंडनसारख्या जड पाण्याच्या भागात शॉवर मध्येच गार होऊ लागला, तर नळाचे पाणी तापवणाऱ्या भागात, म्हणजे प्लेट हीट एक्स्चेंजरमध्ये, क्षार बसलेले असू शकतात. कडाक्याच्या थंडीत बॉयलर गुडगुड आवाज करून बंद पडला, तर वाफेचे झालेले पाणी घराबाहेर नेणारी प्लास्टिकची नळी गोठली आहे का ते पाहावे आणि तिच्यावर कोमट पाणी ओतावे, उकळते नव्हे. यासाठी बॉयलर बदलणे म्हणजे पंक्चर झाले म्हणून सायकल विकणे.

पण बऱ्याच बिघाडांच्या मुळाशी असलेली एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. आपल्या आजीच्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवा: मध्ये विस्तवाची नळी, भोवती पाणी. बंबातले पाणी रोज नवे असे. इथल्या रेडिएटरमधले पाणी मात्र तेच ते, वर्षानुवर्षे फिरत राहते, आणि आतल्या लोखंडाला हळूहळू खाऊन त्याचा काळा, चुंबकाला चिकटणारा गाळ करते. रेडिएटर वरून गरम आणि खाली मध्यभागी गार लागला, तर तिथे हा गाळ साचला आहे असे समजावे. हाच गाळ पंप अडवतो आणि हीट एक्स्चेंजरच्या अरुंद वाटा बुजवतो. सगळी यंत्रणा न धुता, गंजरोधक रसायन आणि चुंबकी फिल्टर न घालता नवा बॉयलर लावला, तर जुन्याचे दुखणे नव्याला लागते. म्हणून अंदाजपत्रकात या तीन गोष्टी लेखी आहेत का, हे मी किमतीच्याही आधी पाहतो.

मग बदलावा केव्हा? ज्योतीची उष्णता पाण्याला देणाऱ्या मुख्य हीट एक्स्चेंजरला तडा गेला किंवा तो गळू लागला, की माझ्या मते वाद संपतो, कारण मजुरीसह त्याचा खर्च नव्या बॉयलरच्या किमतीकडे झुकतो. त्या बनावटीचे सुटे भाग मिळेनासे झाले असतील तरी तेच. दोन हिवाळ्यांत सर्किट बोर्ड आणि पंखा दोन्ही बदलले असतील आणि तिसरे काही निघाले असेल, तर मीही हात आखडता घेईन. सुरक्षिततेचा प्रश्न वेगळा आहे. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसली, भोवती काजळी दिसली किंवा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला, तर दारे-खिडक्या उघडून, जमल्यास बॉयलर बंद करून आधी घराबाहेर पडावे. दुरुस्ती की बदल हे नंतर. आणि आतल्या कामाला गॅस सेफ रजिस्टरवर, म्हणजे गॅसचे काम करणाऱ्यांच्या अधिकृत यादीत, नोंद असलेल्याच माणसाला हात लावू द्यावा. त्याचे ओळखपत्र मागायला आपण उगाच संकोचतो.

हीट पंपाबद्दल, म्हणजे बाहेरची उष्णता घरात आणणाऱ्या विजेवरच्या यंत्राबद्दल, थोडेच सांगतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये ऑक्टोबर २०२३ पासून त्यासाठी ७,५०० पौंडांचे अनुदान मिळू शकते. पण तो घराच्या उष्णतेचा हिशेब मांडून, वेळप्रसंगी रेडिएटर बदलून बसवावा लागतो, आणि हे काम गारठलेल्या घरात एका दिवसात होत नाही. ज्यांना त्या वाटेने जायचे आहे त्यांच्यासाठी जुन्या बॉयलरची एखादी माफक दुरुस्ती म्हणजे विकत घेतलेला वेळ असतो.

माझ्या स्वतःच्या घरचा बॉयलर २००८चा आहे. गेल्या उन्हाळ्यात पंखा घरघरू लागला, तेव्हा मी तो बदलला आणि त्याच दिवशी झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवले: "एक्स्चेंजर गेला तर पैसे घालू नयेत." पुढे हीट पंपासाठी लागतील ती रेडिएटरची मापे त्याच्याच खाली लिहिलेली आहेत.