पाठीवर सॅक, ताटात खरवड

नमस्कार श्रोतेहो. मार्चमध्ये, होळीच्या सुमाराला, आम्ही दोघं नऊ दिवस व्हिएतनामला जाऊन आलो. दोघांची वयं मिळून 113 आणि पाठीवर सात-सात किलोच्या दोन सॅक. चाकाची बॅग आम्ही नेत नाही. ज्या माणसाला आपलं ओझं उचलता येत नाही त्यानं ते भरूच नये, असं माझं मत आहे. आमच्या सोसायटीत ते कुणालाच पटत नाही, ते असो.

हनोईहून दक्षिणेला जाणाऱ्या रेल्वेनं निघालं की सव्वादोन तासांत निन्ह बिन्ह येतं. भातखाचरं, त्यांतून उभे राहिलेले चुनखडीचे सुळके, आणि खालून वाहणारी नदी. तिथून जवळच्या ताम कोक गावाला होडी वल्हवणाऱ्या बायका मागं रेलून बसतात आणि चक्क पायांनी वल्ही मारतात. हात मोकळे, गप्पा चालू.

आता जेवणाचं. मी सगळं खाते, आमचे हे पक्के शाकाहारी. मुलानं फोनवर यांना एकच वाक्य पाठ करून दिलं होतं, ‘तोई आन चै’, म्हणजे मी शाकाहारी आहे. विमानात हे जप केल्यासारखे तेच म्हणत होते. ताम कोकला एका घरगुती खाणावळीत बसलो. मालकीणबाई माझ्याच वयाच्या. यांनी हात जोडले आणि अगदी नम्रपणे विचारलं, “आन चै?” बाई खूश! मान डोलावत आत गेल्या.

बाहेर आलं काय? ताटभर भाताची खरवड, आणि शेजारी वाडग्यात तवंग आलेला बोकडाचा रस्सा.

हे माझ्याकडे बघतात, मी रश्श्याकडे. यांनी पुन्हा सांगितलं, “चै? चै?” बाईंनी ताटाकडे बोट दाखवलं, की अहो, हेच तर आहे! शेवटी त्यांची मुलगी मोबाइल घेऊन आली. मोबाइलनं भाषांतर केलं, “जळालेलं.”

उलगडा असा. त्यांची भाषा सुरांची. ‘चै’ सपाट म्हटलं तर शाकाहारी, सूर वर चढवला तर जळालेलं, करपलेलं. आपण विनंती करताना शेवटी सूर चढवतो ना, तिथंच घोटाळा. यांचा नम्रपणाच नडला! आणि गंमत म्हणजे खरवड हा निन्ह बिन्हचा खास पदार्थ. भाताचा तो थर वाळवून तळतात, आपल्या पापड्यांसारखा, आणि रश्श्याबरोबर खातात. डोंगरावर चरणाऱ्या शेळ्यांचं मटणही तिथलंच नावाजलेलं. बाईंना वाटलं, वा, पाहुणे माहीतगार दिसतात.

मग त्यांनी यांची शिकवणी घेतली. हात टेबलासारखा सपाट धरला, “चै”. हात विमानासारखा वर नेला, “चै!” दहादा म्हणवून घेतलं. मग टोमॅटोतला टोफू आणि लसूण घातलेली नाळीची भाजी आली. फिश सॉस नको, हेही त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. रस्सा मी संपवला. यांनी कोरडी खरवड चाखली आणि म्हणाले, “आईच्या पातेल्यातली.” खरंच हो, कुकर आला आणि आपल्या घरातून खरवड गेली. भात मोकळा झाला, पण पातेलं खरवडायला भांडणारी पोरं कुठं राहिली?

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. एका रुपयाला साधारण 300 डोंग. 20,000ची नोट निळी आणि 5,00,000ची नोटही निळसर. पुन्हा सांगते, दोन्ही निळ्या. एक 65-70 रुपयांची, दुसरी दीड हजाराच्या वर. वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा. व्हिसा ऑनलाइन मिळतो.

पुढं रात्रीच्या गाडीनं दा नांग शहर, तिथून होई आन हे जुनं गाव. त्याच्या जवळच ‘मी सन’ नावाचं ठिकाण. तिथं त्या भागातल्या जुन्या चाम राजांनी चौथ्या शतकापासून शिवाची देवळं बांधली. 1969च्या अमेरिकन बॉम्बफेकीत बरीच पडली. आपल्या पुरातत्त्व सर्वेक्षणाची माणसं तिथं डागडुजी करत होती, तेव्हा 2020मध्ये अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं. ह्यावर स्वतंत्र बोलायला हवं, आज वेळ नाही.

कारण होई आनची पौर्णिमा राहिलीय! तिकडच्या चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री तिथं विजेचे दिवे मालवून कंदील लावतात. इकडं त्याच रात्री होळी पेटली होती. दुसऱ्या दिवशी धुळवड. आमच्या माहेरी त्या दिवशी मटण असतंच, म्हणून मी आदल्या दिवशी जिच्या गाडीवर डुकराचं मांस घातलेलं काउ लाउ, म्हणजे तिथल्या जाड नूडल्स, खाल्लं होतं, तिच्याकडेच गेले. तर समोर पाटी, ‘चै’. तिकडं चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच जण शाकाहार पाळतात. ह्यांनी चिठ्ठी खिशातच ठेवली, हात टेबलासारखा सपाट धरला आणि माझ्यासाठीही टोफू मागवला.